चाकं काढून ठेवा

प्रवासात ऐकताना आकडे लिहून घेता येत नाहीत, म्हणून या भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे चाकांशिवाय चालणारे रोबोट.

नव्याने रोबोट बनवायला घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. बोर्ड कुठला घेऊ? अर्डुइनो, ईएसपी३२, की थेट रास्पबेरी पाय? मी उलट विचारतो, "तो चालणार कसा?" पलीकडून उत्तर येतं, "चाकांवर. अजून कशावर चालणार?"

चाकाशी माझं वैर नाही. सपाट फरशीवर चाकाला तोड नाही. पण दोन पिवळ्या बीओ मोटर, दोन रबरी चाकं, पुढे एक गरागरा फिरणारं छोटं चाक आणि वर ॲक्रिलिकची पट्टी, हा सांगाडा आता इतका ठरून गेलाय की शरीराचा प्रश्न कुणीतरी आपल्यासाठी आधीच सोडवून ठेवलेला असतो. उरतो फक्त कोड, आणि तोही नेटवर मिळतो. मग प्रदर्शनात ओळीने लाइन फॉलोअर मांडलेले दिसतात आणि सगळे एकाच आईची लेकरं वाटतात. काही ठिकाणी तर फायनल इयरचा प्रोजेक्ट स्पायरल बाइंडिंग केलेल्या रिपोर्टसकट तयार मिळतो. त्यावर बोलायला लागलो तर हा भाग तिथेच संपेल, तेव्हा राहू दे.

मी दिवसभर सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या धंद्यात काहीही बिघडलं की उपाय कोडमध्ये शोधायची सवय असते. चालणाऱ्या रोबोटमध्ये मात्र बरीचशी उत्तरं कोडमध्ये नसतातच. ती पायाच्या लांबीत असतात, तळव्याच्या रबरात असतात, वजन कुठे आहे त्यात असतात. आधी शरीर, मग कोड. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून सगळ्यात स्वस्त उदाहरणापासून सुरू करू.

एक टूथब्रश घ्या. त्याचे केस सगळे एकाच बाजूला थोडे कललेले हवेत. काही ब्रशचे मुळातच तसे असतात, नसतील तर रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा. डोकं कापून वेगळं करा. त्यावर दुहेरी चिकटपट्टीने जुन्या मोबाईलमधली व्हायब्रेटर मोटर आणि ३ व्होल्टची बटण सेल चिकटवा. वायर जोडली की तुकडा टेबलावर सुसाट पळतो. (घरात लहान मूल असेल तर ही सेल अजिबात उघडी ठेवू नका. गिळली तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते, हे मजेत घेण्यासारखं नाही.) २००७ मध्ये अमेरिकेतल्या इव्हिल मॅड सायंटिस्ट लॅबोरेटरीज या छोट्या चमूने हे खेळणं ब्रिसलबॉट या नावाने लोकांसमोर आणलं, आणि तेव्हापासून ते जगभरच्या मुलांनी बनवलंय.

आता हे चालतं कसं? मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड तुकडा असतो. तो फिरला की अख्खं डोकं थरथरतं, म्हणजे क्षणभर हलकं होतं आणि परत खाली बसतं. खाली बसताना तिरके केस आणखी वाकतात. त्यांची टोकं टेबलाला धरून राहतात आणि शरीर पुढे ढकललं जातं. हलकं होताना टोकं सुटतात, पण मागे घसरायला वेळ मिळत नाही. गावाकडे गवतातून चाललात तर पँटला कुसळं लागतात ना? ती एकाच दिशेने आत आत सरकतात, उलटी ओढली तर अडतात. ब्रश नेमकं तेच करतो.

यात दिशा कोण ठरवतं? केसांचा कल. तिथे एक ओळ कोड नाही. आणि याला खेळणं म्हणून सोडून देऊ नका. हार्वर्डमध्ये किलोबॉट नावाचे रोबोट बनवले, रुंदी जेमतेम ३३ मिलिमीटर. त्यांना तीन ताठ तारांचे पाय आणि दोन व्हायब्रेटर मोटर. एक चालू केली की एकीकडे वळतो, दुसरी केली की दुसरीकडे, दोन्ही केल्या की सरळ. २०१४ मध्ये असे १,०२४ रोबोट एकत्र सोडून त्यांच्याकडून ठरवलेले आकार करून घेतले गेले. इतके रोबोट बनवायचे तर प्रत्येकाला चाकं, गिअर परवडलेच नसते.

थरथर पुरे, आता पावलं टाकू. टॅड मॅकगिअर नावाच्या अभियंत्याने कॅनडात काम करताना १९९० मध्ये 'पॅसिव्ह डायनॅमिक वॉकिंग' या विषयावर एक शोधनिबंध लिहिला. त्याचं यंत्र म्हणजे पाय, सांधे आणि गोलसर तळवे. मोटर नाही, बॅटरी नाही, मेंदू नाही. हलक्या उतारावर ठेवून थोडा धक्का दिला की ते आपलं आपण चालत खाली येतं. उतरताना मिळणारी ऊर्जा पाऊल आपटताना जाते, दोन्हींचा हिशेब जमला की चाल टिकते. उतरणीवर डुलत डुलत येणारी लाकडी खेळणी याच जातीची. पण मॅकगिअरने गणित करून दाखवलं की चालणं हे बऱ्याच अंशी लोलकाचं काम आहे, आणि पायाची लांबी, वजन आणि तळव्याची गोलाई बरोबर असेल तर नियंत्रणाला फार थोडं काम उरतं.

त्यातली तळव्याची गोलाई लक्षात ठेवा, आता लागणार आहे.

तुमचा पहिला चालता रोबोट एका मोटरचा असू द्या. दोन्ही बाजूंना दांडा बाहेर आलेली बीओ मोटर मिळते, शंभर रुपयांच्या आत. दोन्ही दांड्यांवर एकेक क्रँक लावा, म्हणजे अक्षापासून १.५ सेंटिमीटरवर बोल्ट असलेली छोटी पट्टी. एक क्रँक वर असेल तेव्हा दुसरी बरोबर खाली हवी. मोटरच्या अक्षाच्या वर ५ सेंटिमीटरवर, शरीराला पक्का असा एक स्क्रू. आता पाय. सनबोर्डची किंवा आइस्क्रीमच्या काडीसारखी लाकडी पट्टी घ्या. तिला एक भोक पाडा, ते क्रँकच्या बोल्टवर बसेल. भोकाच्या वरच्या बाजूला, ३ सेंटिमीटरपासून ७ सेंटिमीटरपर्यंत उभी खाच कापा, त्या खाचेत तो पक्का स्क्रू सरकेल. भोकाच्या खाली ७ सेंटिमीटरवर तळवा. झालं.

मोटर फिरली की तळवा अंडाकृती मार्गाने फिरतो. या मापांनी पाऊल पुढे-मागे साधारण ७ सेंटिमीटर जातं आणि ३ सेंटिमीटर उचललं जातं. तळवे रुंद करा आणि आतल्या बाजूला इतके आणा की एका पायावर उभा असतानाही वजनाचा मध्य त्या तळव्याच्या वर राहील. दोन तळवे एकमेकांना लागू नयेत म्हणून एकाला पुढून आणि दुसऱ्याला मागून खाचा द्याव्या लागतात. आणि पाय तिरका होतो तेव्हा तळवा टाचेवर किंवा चवड्यावर उभा राहू नये म्हणून तो होडीच्या तळासारखा वाकवा. मॅकगिअरची गोलाई ती हीच.

या रोबोटला कोड लागत नाही. दोन पेन्सिल सेल आणि एक बटण पुरे. बोर्ड नंतर घ्या.

त्याचा दोष लगेच दिसेल. प्रत्येक पावलाला शरीर पावणेदोन सेंटिमीटर वर-खाली डुलतं, कारण तळव्याचा मार्ग अंडाकृती आहे. जमिनीवर असताना तळवा सरळ रेषेत गेला असता तर शरीर डुललं नसतं. हा प्रश्न रशियन गणिती पाफ्नुती चेबिशेव्ह याने एकोणिसाव्या शतकातच धसास लावला होता, आणि १८७८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचं पट्ट्यांचं चालणारं यंत्र मांडलेलं होतं.

त्याची मूळ जोडणी पुठ्ठ्यावर करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. लिहून घ्या: २, ४, ५, १०. सेंटिमीटर धरू, आणि मापं नेहमी भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत. पुठ्ठ्यावर ४ सेंटिमीटर अंतरावर दोन ड्रॉइंग पिना टोचा. पहिल्या पिनेवर २ ची पट्टी, ही क्रँक. दुसऱ्या पिनेवर ५ ची पट्टी, ही मोकळी झुलते. मग १० ची पट्टी. तिचं एक टोक क्रँकच्या टोकाला जोडा आणि तिचा बरोबर मध्य झुलणाऱ्या पट्टीच्या टोकाला. उरलेल्या टोकाच्या भोकात पेन्सिल घालून क्रँक फिरवा.

कागदावर इंग्रजी डी सारखा आकार उमटतो. क्रँकच्या अर्ध्या फेऱ्यात पेन्सिल ८ सेंटिमीटरची जवळजवळ सरळ रेघ ओढते, उरलेल्या अर्ध्यात कमानीवरून परत येते. अर्धा फेरा जमिनीवर, अर्धा हवेत. म्हणजे अर्ध्या फेऱ्याच्या फरकाने दोन पाय जोडले की एक ना एक पाय कायम जमिनीवर.

इथे एक खोच आहे, आणि नुसता व्हिडिओ बघून ती ध्यानात येत नाही. त्या डी ची सपाट बाजू पिनांच्या दिशेला असते आणि फुगीर बाजू पिनांपासून लांब. म्हणजे मोटर वर आणि पाऊल थेट खाली अशी जोडणी केली तर जमिनीवर सपाट बाजू नाही, कमान येते, आणि रोबोट झुलत्या खुर्चीसारखा डोलत बसतो. जोडणी उलटी करावी लागते: पेन्सिलचं टोक वर ठेवायचं आणि त्याला खाली लोंबणारा लांब पाय लावायचा. तो पाय कलू नये म्हणून एकसारख्या दोन जोडण्या पुढे-मागे बसवून त्यांची वरची टोकं एका आडव्या पट्टीने बांधायची. पुठ्ठ्यावर हे कळतं तेव्हा काही रुपयांचा पुठ्ठा वाया जातो. ॲक्रिलिक लेझरने कापून आणल्यावर कळलं तर जास्त लागतं.

थिओ यान्सेन या डच कलावंताने १९९० पासून समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालणारे जे प्रचंड सांगाडे बनवले, त्यांचा पाय याच घराण्यातला पुढचा. इलेक्ट्रिकच्या वायरिंगसाठी वापरतात त्या पीव्हीसी नळ्यांचे ते बनतात. पाऊल सरळ शरीराच्या खालीच यावं आणि तळाचा मार्ग सपाट असावा यासाठी पट्ट्यांची मापं त्याने अटारी संगणकावर उत्क्रांतीच्या पद्धतीने शोधली. हजारो जोड्या बनवायच्या, त्यातल्या बऱ्या ठेवायच्या, त्यांची मिसळ करायची, पुन्हा तेच. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे बघावं: संगणक वापरला, पण कोड यंत्रात बसला नाही. त्याचा निकाल नळ्यांच्या लांबीत बसला. वाळूवर चालताना त्या सांगाड्याला संगणक लागत नाही.

हे सगळं ऐकून थ्रीडी प्रिंटर हवा असं वाटत असेल तर नको. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरून सांधे बनवायची पद्धत बसवली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कितीतरी वर्षं टाकाऊतून खेळणी बनवली. ती वॉल्व्ह ट्यूब आजही सायकलच्या दुकानात मिळते आणि लवचीक सांध्यासाठी तिच्याइतकं स्वस्त काही नाही. दोन पाय एकाच वेळी हलवायचे असतील तर मधली दांडी म्हणून सायकलचा स्पोक वापरा, तो सरळ असतो आणि टोकाला आटे असतात. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलची नळी कापून सांध्यात घातली की पट्टी बोल्टच्या आट्यांवर घासत नाही.

सगळ्यात कामाची युक्ती मात्र ही: एकसारख्या पट्ट्या कधी वेगवेगळ्या भोसकू नका. चारही पायांच्या पट्ट्या एकावर एक ठेवा, दुहेरी चिकटपट्टीने बांधा आणि एकदाच ड्रिल करा. माप अर्ध्या मिलिमीटरने चुकलं तर सगळ्यांत सारखंच चुकेल, आणि रोबोट तरीही सरळ चालेल. माप अचूक असण्यापेक्षा सारखं असणं महत्त्वाचं. सांध्यांना नायलॉक नट लावा, साधा नट थरथरीने सुटतो. नट पूर्ण आवळून मग पाव फेरा ढिला करा. पट्टी स्वतःच्या वजनाने पडली पाहिजे पण डगमगायला नको. दोन पट्ट्यांच्या मधे वायसर विसरू नका.

फेव्हिक्विकने जोडलेला सांधा लगेच सुटत असेल तर वर चिमूटभर खायचा सोडा टाका. क्षणात दगडासारखा होतो. तेव्हा गरम होतो आणि धूरही येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि तोंड वर नको.

आता दुसरं टोक. आमच्या मावशीचा मुलगा अकरावीत आहे. त्याने बारा सर्वोंचा कोळी बनवायला घेतला. चार पाय, प्रत्येक पायाला तीन सर्वो. भाग सुंदर जोडले होते, कोड नेटवरून घेतला होता आणि समजून घेऊन बदललाही होता. चालू केलं की कोळी थडथड उडायचा, एखादं पाऊल टाकायचा आणि बोर्ड रीसेट. तीन आठवडे तो कोड बदलत राहिला. माझ्याकडे आला तेव्हा मला म्हणाला, "दादा, मला कोडिंग जमत नाही, मी कॉमर्सला जातो."

कोडला काही झालेलं नव्हतं. बारा सर्वो आणि त्यांना वीज एका चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीची. मी मल्टिमीटरचे काटे सर्वोच्या ५ व्होल्टच्या तारांवर धरले आणि त्याला म्हटलं, फक्त एक पाय हलव. आकडा चारच्या खाली आला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ती बॅटरी स्मोक अलार्म आणि मल्टिमीटरसारख्या कमी करंट खाणाऱ्या वस्तूंसाठी असते. एसजी९० सारखा छोटा सर्वोसुद्धा अडला की अर्ध्या अँपियरच्या वर खेचतो. बारा एकदम अडले तर सहाच्या वर. कुठून देणार ती बिचारी?

तर सर्वोंची वीज वेगळी. दोन १८६५० सेल सरळ जोडून त्यावर ५ व्होल्टचा, निदान ५ अँपियर झेपणारा बक कन्व्हर्टर. बोर्डचं आणि सर्वोंचं ग्राउंड एकत्र जोडलेलं हवंच, नाहीतर सिग्नलला अर्थ राहत नाही. सर्वोंच्या तारांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, खुणेची बाजू मायनसला. आणि कोडमध्ये एकच बदल: बारा सर्वो एका क्षणी जागे करू नका, थोड्या थोड्या अंतराने करा. कोळी त्याच संध्याकाळी चालला. तो अजून सायन्सलाच आहे.

किती मुलं या एका बॅटरीपायी 'मला जमत नाही' म्हणून उठून गेली असतील, मला खरंच वाटत राहतं. किट विकणारे बॅटरीची क्लिप सोबत देतात, म्हणजे वापरायची तीच असं मुलाला वाटणारच.

सेलबद्दल थोडं सविस्तर, कारण हे आग लागण्याचं प्रकरण आहे. १८६५० सेलवर ९९०० असा आकडा छापलेला दिसला तर तो खोटा समजा. या आकाराची चांगली सेल साधारण ३५०० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास थांबते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. खरी ४५ ते ५० ग्रॅम भरते. तीस ग्रॅमची निघाली तर तिच्या पोटात काय आहे देव जाणे. सेलला थेट डाग देऊ नका, होल्डर वापरा. जोडणीत फ्यूज आणि संरक्षणाचा छोटा बोर्ड घाला. चार्जिंग गादीवर नाही, झोपताना नाही. फुगलेली, चेपलेली सेल बाद.

मोटर ड्रायव्हरचंही असंच. सगळीकडे मिळतो तो एल२९८एन जुन्या बनावटीचा आहे आणि तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. चार पेन्सिल सेलचे ६ व्होल्ट दिले तर मोटरला चार मिळतात आणि बाकीच्यातून हीट सिंक तापतो. लहान मोटरना टीबी६६१२ द्या, तो जवळजवळ काही खात नाही.

खडी, गवत, पायरी यासाठी मला आवडणारा मधला रस्ता म्हणजे अर्धं चाक. २००० च्या आसपास अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांनी मिळून आरहेक्स नावाचा रोबोट बनवला. प्रेरणा झुरळाची. सहा पाय, प्रत्येक पाय म्हणजे मराठी चंद्रकोरीसारखी लवचीक पट्टी, आणि प्रत्येकाला एकच मोटर जी गोल फिरते. तीन पाय जमिनीवर असताना उरलेले तीन झपकन फिरून पुढे येतात.

घरी बनवायला ड्रेनेजची पीव्हीसी नळी घ्या, ११० किंवा ७५ मिलिमीटरची. प्लंबरकडे तुकडे पडलेले असतात. दोन सेंटिमीटर रुंदीची कडी कापा, मग तिचे दोन अर्धे. जमिनीला लागणाऱ्या बाजूवर सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवा. मोटरला बसवायचं कसं? बीओ मोटरसोबत आलेल्या चाकाचा फक्त मधला भाग कापून घ्या. त्या चपट्या दांड्यावर नेमका बसणारा हब तोच, त्याला कडी बोल्टने जोडा. नळी मेणबत्तीवर वाकवायच्या भानगडीत पडू नका, पीव्हीसी जळली की निघणारा धूर फुप्फुसाला घातक असतो.

सहा पायांची ताल-लय सांभाळायला प्रत्येक पाय कुठे आहे ते कळणारा सेन्सर लागतो, तेव्हा सुरुवातीला चारच लावा आणि एकमेकांची पर्वा न करता फिरू द्या. दिसायला गबाळं दिसतं, पण चाक ज्या पायरीसमोर नुसतं घसरत बसतं ती हा कोर टाकून चढतो. आणखी एक फायदा: चंद्रकोर थोडी दबते, त्यामुळे बीओ मोटरच्या आतले प्लॅस्टिकचे गिअर धक्क्याने सोलले जात नाहीत. ताठ लाकडी पाय लावले तर चार दिवसांत कडकड आवाज यायला लागतो.

मग अशा फिरणाऱ्या पायाला 'चालणं' म्हणायचं का? हा वाद खरोखर झालाय. अमेरिकेतल्या बॅटलबॉट्स स्पर्धेत चालणाऱ्या रोबोटला जादा वजनाची सवलत होती, कारण पाय बनवणं अवघड. २००१ मध्ये सन ऑफ व्हायाची नावाचा रोबोट क्रँकवर सरकणारे पाय घेऊन आला, सवलतीचं वजन हत्यारात घातलं आणि हेवीवेट गट जिंकला. त्यानंतर आयोजकांनी नियम बदलला, असे सरकते पाय चालण्यात धरायचे नाहीत. माझं मत विचाराल तर त्यांनी नियमातली फट छान शोधली होती, आणि नियम बदलला तेही योग्य झालं. आपल्याकडच्या कॉलेजांनी याचा दुसरा चेहरा २०१९ मध्ये पाहिला. मंगोलियात झालेल्या एबीयू रोबोकॉनच्या नियमांतच दुसरा रोबोट चार पायांचा हवा होता. वर्षानुवर्षं चाकं सजवण्यात हुशार झालेल्या टीमना अचानक पाय शिकावे लागले.

शेवटी तपासण्याबद्दल. चाल बिघडली की कोड उघडण्याआधी दोन गोष्टी करा. जमिनीवर रांगोळीचा अगदी पातळ थर पसरा आणि रोबोट त्यावरून चालवा. तळवा नीट टेकत असेल तर स्वच्छ ठसा उमटतो, घसरत असेल तर फराटा. कुठला पाय घसरतो, किती, कुठल्या बाजूला, सगळं समोर. (घरच्यांना आधी सांगा, आणि मोटरच्या गिअरमध्ये रांगोळी जाणार नाही एवढी बेताने टाका.) दुसरं, तुमच्या फोनचा स्लो मोशन. कॅमेरा जमिनीला टेकवून, तळव्याच्या उंचीवर धरा. वरून काढलेल्या व्हिडिओत काहीच कळत नाही. एखादा पाय टेकायच्या आधीच मागे ओढला जातोय, किंवा दोन पाय एकदम हवेत आहेत, हे डोळ्याला दिसत नाही पण तिथे स्पष्ट दिसतं. दोन्ही करून झाल्यावरही कारण सापडलं नाही तर मग लॅपटॉप उघडा.

सामान पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतं. बाकीच्यांना ऑनलाइन आहेच. बुधवार-रविवारचा पुण्याचा जुना बाजार जमला तर मोडके प्रिंटर शोधा, आतल्या पोलादी दांड्या आणि स्टेपर मोटर दुकानात घ्यायला गेलात तर महाग पडतात.

खाचेच्या पायाचा एका मोटरवाला रोबोट बनवलात तर रांगोळीतल्या ठशांचा फोटो पाठवा, रोबोटचा नाही पाठवलात तरी चालेल. त्यातले काही ठसे घेऊन पुढच्या भागात बोलू: कुठला रोबोट डावीकडे का ओढतो, आणि तळव्याला सायकलची ट्यूब लावल्यावर काय फरक पडला.